कोणाचे धोरण काय? यवतमाळच्या सात मतदारसंघांतील भूमिकांचा आढावा

२० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी मतदान झाले. यवतमाळ जिल्ह्यात वणी, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद आणि उमरखेड अशा सात जागा आहेत. राळेगाव आणि आर्णी अनुसूचित जमातींसाठी, तर उमरखेड अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. २३ तारखेच्या निकालात पाच जागा महायुतीला आणि वणी व यवतमाळ या दोन महाविकास आघाडीला मिळाल्या. कोण किती मतांनी आले, कोणत्या समाजाची मते कुठे वळली, बंडखोरीचा फटका कोणाला बसला, यावर भरपूर लिहिले गेले. या उमेदवारांच्या धोरणांत नेमका फरक काय होता आणि मतदाराने तो कशावरून ओळखायचा, याची चर्चा मात्र तुकड्यातुकड्यांतच राहिली. हे तुकडे एकत्र मांडण्यासाठी हा आढावा आहे. कापूस, सोयाबीन आणि तुरीवर जगणाऱ्या, कोरडवाहू जमिनीच्या आणि शेतकरी आत्महत्यांमुळे देशाला ठाऊक झालेल्या जिल्ह्यात धोरणातला फरक थेट घरापर्यंत पोचतो. म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

मागची वाट

धोरण आणि उमेदवार यांचे नाते या जिल्ह्यात आजच्यापेक्षा वेगळे होते. पुसदचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. त्यांच्याच काळात, १९७२ मध्ये, कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. कापूस सरकारनेच घ्यायचा आणि भावाची जबाबदारीही सरकारनेच उचलायची, अशी ती भूमिका होती. दुसऱ्या टोकाला यवतमाळचे जांबुवंतराव धोटे होते. वेगळा विदर्भ आणि कापसाला भाव या दोन मागण्यांशी त्यांचे नाव इतके जोडलेले होते की त्यांना मत म्हणजे कशाला मत, हे कोणाला विचारावे लागत नसे. एकाने सत्तेत बसून धोरण केले आणि दुसऱ्याने रस्त्यावर उभे राहून ते मागितले. दोघांचेही म्हणणे लोकांना तोंडपाठ होते.

पुढे चित्र बदलले. मार्च १९८६ मध्ये जिल्ह्यातल्याच चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने कुटुंबासह जीवन संपवले. ही राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानली जाते. दोन दशकांनी हा प्रश्न राष्ट्रीय झाला. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना पूर्ण माफी मिळाली. त्यावरच्यांनी ७५ टक्के रक्कम भरली तर २५ टक्के सूट होती. इथे कोरडवाहू शेती, त्यामुळे कागदावर धारणा मोठी आणि उत्पन्न तुटपुंजे. सहा-सात एकरांचा शेतकरी त्या रेषेच्या बाहेर पडला आणि ती सल अजून बोलून दाखवली जाते. मार्च २०१४ मध्ये आर्णी तालुक्यातल्या दाभडीत नरेंद्र मोदींनी ‘चाय पे चर्चा’ केली आणि उत्पादन खर्चावर पन्नास टक्के नफ्याचा विषय देशभर गेला.

तेव्हापासून इथल्या निवडणुकीतले मोठे धोरण दिल्ली-मुंबईच्या नेत्याच्या तोंडून येते. स्थानिक उमेदवार ते गावोगाव पोचवतो. २०२४ मध्येही तेच झाले.

दोन आघाड्या काय म्हणत होत्या

५ नोव्हेंबरला कोल्हापुरात महायुतीने दहा आश्वासने दिली आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत महाविकास आघाडीने पाच हमी दिल्या. सविस्तर जाहीरनामे १० नोव्हेंबरच्या सुमारास आले, म्हणजे मतदानाला जेमतेम दहा दिवस उरले असताना. इतक्या अवधीत पुसदच्या किंवा झरी-जामणीच्या मतदाराने दोन दस्तऐवज वाचून ताडून पाहावेत, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

सर्वांत ठळक विषय महिलांच्या खात्यात थेट पैसे हा होता. जुलै २०२४ पासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळू लागले होते. महायुतीने ते २,१०० करण्याचे सांगितले. महाविकास आघाडीने ‘महालक्ष्मी’ योजनेत ३,००० रुपये आणि एसटीचा मोफत प्रवास देऊ केला. तत्त्वात मतभेद नव्हता, होता तो आकड्यात. लाभार्थींची संख्या तेव्हाच्या सुमारे २.३ कोटींवर धरली तर १,५०० रुपयांना वर्षाला ४१ हजार कोटींच्या वर, २,१०० रुपयांना जवळपास ५८ हजार कोटी आणि ३,००० रुपयांना ८२ हजार कोटींपेक्षा जास्त लागतात. पात्रतेच्या अटी बदलल्या की हे आकडे बदलतील, पण प्रमाण लक्षात यावे. हा गुणाकार कोणत्याही उमेदवाराच्या पत्रकावर असायला हवा होता.

शेतीत फरक अधिक बारीक होता. महायुतीने कर्जमाफीचा शब्द दिला, शेतकरी सन्मान निधी १२ हजारांवरून १५ हजार करण्याचे आणि हमीभावावर २० टक्के अनुदानाचे आश्वासन दिले. महाविकास आघाडीने तीन लाखांपर्यंत कर्जमाफी आणि नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांचे प्रोत्साहन सांगितले. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली होता. भाजपने किमान ६,००० रुपयांचे सांगितले, काँग्रेसने ७,००० रुपयांचे. महायुतीच्या २० टक्क्यांचा हिशेब केला तर ४,८९२ वर ९७८ रुपये चढतात आणि भाव ५,८७० च्या आसपास जातो. म्हणजे महायुतीची दोन वचने एकमेकांशी साधारण जुळतात. काँग्रेसचा आकडा हमीभावापेक्षा २,१०८ रुपयांनी वर आहे. तो फरक राज्य भरणार की केंद्र, खरेदी किती क्विंटलपर्यंत होणार, बारदाना आणि गोदामे कुठून आणणार, याचे उत्तर दोन्हीकडे अपुरे होते. मतदानाच्या तोंडावर केंद्राने खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली. मोठ्या आकड्यांपेक्षा त्या एका निर्णयाने काटा केंद्रावरच्या शेतकऱ्याला त्या आठवड्यात जास्त फरक पडला असेल.

कर्जमाफीचे आश्वासन तुलनेला सर्वांत अवघड आहे. २०१७ च्या माफीची मर्यादा दीड लाख होती आणि २०१९ च्या अखेरीस जाहीर झालेल्या माफीची दोन लाख. नियमित कर्जदारांना पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत, दुसऱ्या वेळी ५० हजारांपर्यंत लाभ ठरला. दोन्ही वेळा खरी कहाणी शासन निर्णयातल्या अटींत होती: थकबाकी कोणत्या तारखेची, पीककर्जच की मध्यम मुदतीचेही, कुटुंब एकक की खातेदार. २००८ चा अनुभव ज्या जिल्ह्याने घेतला, तिथे ‘कर्जमाफी करू’ एवढ्या विधानावरून दोन उमेदवार वेगळे करता येत नाहीत.

तिसरी भूमिकाही आहे. जागांच्या हिशेबात ती दिसत नसली तरी विचार म्हणून ती नोंदवली पाहिजे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या परंपरेत वाढलेल्या कार्यकर्त्यांचे म्हणणे असे की माफी आणि अनुदान मागण्याऐवजी सरकारने बाजारातला हस्तक्षेप थांबवावा, बियाण्यांच्या तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य द्यावे. अमर हबीब यांचे किसानपुत्र आंदोलन कमाल जमीन धारणा, आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे तीन कायदे रद्द करण्याची मागणी करते आणि चिलगव्हाणच्या स्मृतीत दर १९ मार्चला अन्नत्याग पाळते. या भूमिकेला इथे श्रोते आहेत, मते थोडी आहेत. दोन्ही आघाड्यांच्या वचनांहून खऱ्या अर्थाने वेगळी अशी हीच एक भूमिका असल्याने, तिला वगळून केलेली तुलना अपुरी राहते.

जिल्ह्याचे स्वतःचे प्रश्न

राज्यव्यापी आश्वासने सातही मतदारसंघांत सारखीच होती. त्यामुळे दिग्रसमध्ये शिवसेनेचे संजय राठोड आणि काँग्रेसचे माणिकराव ठाकरे, किंवा राळेगावात भाजपचे अशोक उईके आणि काँग्रेसचे वसंत पुरके यांच्यातला फरक शोधायचा तर स्थानिक प्रश्नांकडे यावे लागते. तिथे लेखी भूमिका फार थोड्या सापडतात.

निम्न पैनगंगा प्रकल्प हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. १९९७ मध्ये मान्यता मिळालेल्या या प्रकल्पाचे पाणी तेलंगणाशी वाटून घ्यायचे आहे. नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांतली पैनगंगेकाठची गावे बुडीत क्षेत्रात येतात आणि तिथले लोक वर्षानुवर्षे विरोध करत आहेत. खालच्या अंगाच्या केळापूर, झरी-जामणी भागाला सिंचनाची आशा आहे. आता आर्णी मतदारसंघ पाहा. त्यात आर्णीकडची बाधित होणारी गावेही येतात आणि केळापूरची लाभाची वाट पाहणारी गावेही. तिथल्या कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराने स्पष्ट बाजू घेतली तर अर्धा मतदारसंघ दुखावतो. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ हे वाक्य सगळेच म्हणू शकतात. जमिनीला जमीन की रोख, गावठाण कुठे, कोणत्या मुदतीत, असे विचारले तरच भूमिका वेगळ्या होतील. ते प्रश्न जाहीर सभेत क्वचितच विचारले जातात.

वनजमिनीचा प्रश्न राळेगाव, आर्णी आणि वणीच्या काही भागात तितकाच निकडीचा आहे. कोलाम समाजाची वस्ती याच पट्ट्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे वैयक्तिक आणि सामूहिक दावे, पेसा क्षेत्रातली पदभरती, आश्रमशाळांची अवस्था, यांवर सहानुभूती सर्वांची असते. आरक्षणाच्या बाबतीत मात्र भूमिका पक्षाच्या सीमा ओलांडते. धनगर समाजाचा अनुसूचित जमातीत समावेश करण्याला आदिवासी आमदार पक्षभेद बाजूला ठेवून विरोध करत आले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच विरोधासाठी मंत्रालयाच्या संरक्षक जाळीवर उतरलेले तेव्हाचे विधानसभा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्यासोबतही सत्ताधारी बाजूचे आदिवासी लोकप्रतिनिधी होते. अशा विषयात पक्षाचा जाहीरनामा वाचून उमेदवाराचे मत कळत नाही, त्याचा मतदारसंघ पाहून कळते.

वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गावर मतभेदच नाहीत. वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला आणि पुढच्या कामाचे श्रेय व दिरंगाई यांवर तेवढा वाद होतो. मूर्तिजापूर-यवतमाळच्या बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे पुनरुज्जीवनही सर्वांनाच हवे आहे. वणी परिसरातल्या कोळसा खाणींमुळे होणारी धूळ, उखडलेले रस्ते आणि स्थानिकांना रोजगार, यांवरही बोलण्याची दिशा एकच असते. वेगळ्या विदर्भाचे तसे नाही. भाजपने १९९७ च्या भुवनेश्वर ठरावात त्याला पाठिंबा दिला होता, शिवसेनेच्या दोन्ही गटांचा वारसा अखंड महाराष्ट्राचा आहे आणि काँग्रेसमध्ये दोन्ही मते नांदतात. आघाड्यांच्या राजकारणात हा प्रश्न बाजूला ठेवणे दोन्हीकडे सोयीचे झाले. धोट्यांच्या यवतमाळात तो विचारलाही गेला नाही, याची मला खंत वाटते. उत्तर काहीही असो, प्रश्न विचारायला हवा होता.

२०१७ च्या फवारणीच्या हंगामात जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. चौकशी झाली, काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी आली. सात वर्षांनी, फवारणी करणाऱ्या मजुराच्या सुरक्षेबद्दल कोणत्याही आघाडीच्या मुख्य आश्वासनांत एक ओळ नव्हती.

तुलना कशावरून करावी

या मुद्द्यावर अभ्यासक आणि कार्यकर्ते यांच्यात स्पष्ट मतभेद आहेत.

एक मत जाहीरनाम्याला मध्यवर्ती मानते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुब्रमण्यम बालाजी खटल्यात असे म्हटले की जाहीरनाम्यातले वचन हा भ्रष्ट आचार ठरत नाही, पण निवडणूक आयोगाने मार्गदर्शक तत्त्वे करावीत. त्यानुसार आचारसंहितेत जाहीरनाम्यांवरचा भाग आला: आश्वासनांमागचे कारण आणि पैशांची तजवीज ढोबळमानाने सांगावी. २०२२ मध्ये आयोगाने याचा ठरावीक नमुना सुचवला. काही पक्षांनी तो आयोगाच्या अधिकाराबाहेरचा मानला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. खर्च न सांगता दिलेले वचन तोलता येत नाही, आणि कोणते वचन परवडते हे आयोगाने ठरवणेही लोकशाहीला जड जाईल. नेदरलँड्समध्ये १९८९ पासून ‘स्टेमवायझर’ आणि जर्मनीत २००२ पासून ‘वाल-ओ-माट’ अशी साधने आहेत. त्यांत ठरावीक विधानांवर पक्ष लेखी होकार किंवा नकार देतात आणि मतदार आपली उत्तरे त्यांच्याशी जुळवतो. मात्र तिथे तुलना पक्षांची होते आणि पक्ष उत्तर देतात. आपल्याकडे उमेदवाराला उत्तर देण्याचे बंधन नाही.

दुसरे मत कामगिरीकडे बोट दाखवते. उमेदवाराच्या शपथपत्रात मालमत्ता, गुन्हे आणि शिक्षण असते, धोरण नसते. म्हणून विधिमंडळातले तारांकित प्रश्न, लक्षवेधी आणि उपस्थिती पाहावी, असा हा आग्रह. मुंबईत प्रजा फाउंडेशनसारख्या संस्था आमदारांचे असे मूल्यमापन नियमित करतात, जिल्ह्याच्या पातळीवर ते रुजलेले नाही. पद्धतीतही अडचण आहे. मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाही, उत्तरे देतो. राठोड यांच्यासारख्या मंत्र्याची नोंद शासन निर्णयांत आणि खात्याच्या खर्चात शोधावी लागते, विरोधकाची प्रश्नांत, आणि पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्याची कुठेच नसते. पुरके आणि उईके दोघेही माजी मंत्री होते. त्यामुळे राळेगावची लढत अशा तुलनेला सर्वांत योग्य होती. एकाचे शालेय शिक्षण खाते, दुसऱ्याचे आदिवासी विकास खाते आणि दोघांचा आश्रमशाळांशी संबंध. ती तुलना नीट झाली असती तर मतदाराला खरे काही हाती लागले असते.

तिसरे मत उलट दिशेने जाते. मतदारांनीच मागण्यांचा जाहीरनामा करावा आणि उमेदवारांकडून सही घ्यावी. ग्रामसभा, शेतमजुरांच्या आणि वनहक्काच्या संघटना राज्यात अनेक ठिकाणी असे करतात. सही मिळते, कारण नाही म्हणणे परवडत नाही. आणि सगळ्यांनीच सही केली की तुलना संपते. यावर मला उपाय दिसतो तो प्राधान्यक्रमाचा. दहा मागण्यांपैकी पहिल्या वर्षी कोणत्या तीन घेणार, असे विचारले तर उमेदवार एकमेकांपासून वेगळे होऊ लागतात.

तुलनेलाच असलेला आक्षेप

या सगळ्यावर एक मूलभूत शंका घेतली जाते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आमदाराला पक्षादेशाबाहेर मतदान करता येत नाही. मग त्याच्या वैयक्तिक धोरणाला अर्थ काय? शिवाय हमीभाव आणि कापसावरचे आयात शुल्क दिल्लीत ठरते. २०२१ मध्ये लावलेले ११ टक्के आयात शुल्क केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये डिसेंबरअखेरपर्यंत काढून टाकले, तेव्हा पांढरकवड्याच्या किंवा वणीच्या कापसाच्या भावावर परिणाम करणारा हा निर्णय विधानसभेच्या कक्षेतच नव्हता.

दुसरी शंका पक्षांच्या फुटीतून येते. पुसदमध्ये अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे इंद्रनील नाईक आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे शरद मैंद समोरासमोर होते. २०२३ पर्यंत हा एकच पक्ष, एकच जाहीरनामा. आर्णीचे राजू तोडसाम २०१४ मध्ये भाजपकडून जिंकले, २०१९ मध्ये अपक्ष लढले आणि २०२४ मध्ये पुन्हा भाजपकडून निवडून आले. अशा वेळी पक्षाचे चिन्ह धोरणाची ओळख म्हणून किती भरवशाचे, हा प्रश्न रास्त आहे.

या शंकांचे उत्तर देणारे म्हणतात की सभागृहातले मतदान हा आमदाराच्या कामाचा लहान भाग आहे. जिल्हा नियोजन समितीत निधी कुठे वळवायचा, खरेदी केंद्र कधी सुरू करायचे, कालव्याची दुरुस्ती कोणत्या गावापासून करायची, वनहक्काचे दावे उपविभागीय समितीत अडले तर कोणाशी भांडायचे, इथे पक्षादेश नसतो. मला हे म्हणणे पटते. फक्त त्याचा अर्थ असा होतो की उमेदवारांची तुलना याच कामांवर व्हायला हवी. आज ती लाडक्या बहिणीच्या हप्त्यावर होते, ज्यावर एकट्या आमदाराचा काही अधिकार नाही.

काय सुटलेले नाही

निवडणुकीनंतरच्या घडामोडींनी वाद मिटला नाही, वाढला. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवले गेले, पण २,१०० रुपयांची घोषणा त्यात नव्हती. त्याच महिन्याच्या अखेरीस तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी शेतकऱ्यांना पीककर्ज भरायला सांगितले. जुलैत बच्चू कडू यांची ‘सातबारा कोरा’ पदयात्रा अमरावती जिल्ह्यातल्या पापळहून निघून चिलगव्हाणला आली आणि ऑक्टोबरअखेर नागपूरच्या आंदोलनानंतर सरकारने कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेण्याचे सांगितले. सरकारची बाजू अशी की वचन पाच वर्षांचे असते आणि तिजोरी पाहून पाळावे लागते. विरोधकांची बाजू अशी की मुदत प्रचारात सांगितली नव्हती. जाहीरनाम्यात वर्ष लिहिलेले नसल्याने दोघांनाही खोटे ठरवता येत नाही. आश्वासनाला मुदत असावी का, हा प्रश्न म्हणूनच पुढच्या चर्चेत पहिला यायला हवा.

वचन पाळले की नाही याची नोंद कोणी ठेवायची, हेही ठरलेले नाही. निवडणूक आयोग ते काम आपले मानत नाही, विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे फक्त सभागृहात मंत्र्यांनी दिलेली आश्वासने जातात, सभेतली जात नाहीत. जिल्ह्यातली महाविद्यालये, पत्रकार संघ आणि ग्रामसभा हे करू शकतात. त्यासाठी लागणारी कागदपत्रे बहुतेक सार्वजनिक आहेत: विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या, शासन निर्णय, जिल्हा वार्षिक योजनेचा खर्च, वनहक्क दाव्यांची तालुकानिहाय माहिती.

आणखी एक गोष्ट लवकर ठरवावी लागेल. २००८ च्या पुनर्रचनेत दारव्हा मतदारसंघ गेला, त्यातली गावे वाटली गेली आणि जुन्या आमदाराच्या कामाचा हिशेब नव्या हद्दीत लावणे अवघड झाले. येत्या जनगणनेनंतर पुन्हा पुनर्रचना आणि महिला आरक्षण दोन्ही अपेक्षित आहेत. २०२४ च्या वचनांची आणि कामांची नोंद आत्ता मतदारसंघानुसार न ठेवता गावानुसार आणि तालुक्यानुसार ठेवली, तर हद्दी बदलल्या तरी झरी-जामणीच्या किंवा महागावच्या मतदाराला ती उपयोगी पडेल.